मिमोझा कुसारी-लिला कोण आहेत? कोसोवोच्या राजकारणातली एक अर्थतज्ज्ञ आणि एका शिक्क्याचं भांडण

जुलै २०११. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यातल्या एका छोट्या देशाच्या सीमेवरची चौकी जाळली जाते. एका पोलिसाचा जीव जातो. नाटोच्या फौजा चौकीचा ताबा घेतात. वाद कशावरून? तर कागदावर मारायच्या एका शिक्क्यावरून.

तो देश म्हणजे कोसोवो. तेव्हा तिथे उपपंतप्रधानपद आणि व्यापार-उद्योग खातं सांभाळत होत्या मिमोझा कुसारी-लिला. शिक्षण अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचं, अनुभव व्यापारी संघटनेचा, आणि खात्यात येऊन काही महिने झाले नाहीत तोच समोर सीमेवरचा पेटता प्रश्न. पुढे त्याच कोसोवोत निवडून आलेल्या पहिल्या महिला महापौर झाल्या, स्वतःचा पक्ष काढला, हरल्या, पुन्हा उभ्या राहिल्या आणि अखेर सत्ताधारी पक्षाच्या संसदीय गटनेत्या झाल्या.

भारतात हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. पण त्यांची कारकीर्द समजून घेतली की कोसोवोचा गुंता समजतो. शिवाय अर्थशास्त्र शिकलेला माणूस राजकारणात गेला की त्याच्या वाट्याला काय येतं, तेही कळतं. क्रमाने पाहू.

आधी कोसोवो समजून घेऊ

कोसोवो हा अल्बेनियाच्या शेजारचा देश. क्षेत्रफळ साधारण ११ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०२४ च्या जनगणनेनुसार सुमारे १६ लाख. इथले बहुसंख्य लोक वंशाने आणि भाषेने अल्बेनियन आहेत. म्हणजे अल्बेनियन लोक फक्त अल्बेनियात राहतात असं नाही. कोसोवो, उत्तर मॅसिडोनिया, मॉन्टेनेग्रो अशा शेजारच्या देशांतही ते आहेत. मदर तेरेसा यांचा जन्मही अल्बेनियन कुटुंबातला, पण गाव स्कोप्ये, जे आज उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. कोसोवोची राजधानी प्रिश्टिना इथल्या मुख्य रस्त्याला मदर तेरेसांचंच नाव आहे.

कोसोवो पूर्वी युगोस्लाव्हियात, सर्बियाचा एक स्वायत्त प्रांत होता. १९७४ च्या राज्यघटनेने त्याला बरीच मोकळीक दिली होती. १९८९ मध्ये स्लोबोदान मिलोसेविच यांच्या काळात ही स्वायत्तता काढून घेतली गेली. त्यानंतर हजारो अल्बेनियन लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्यात आलं. शिक्षक, डॉक्टर, कामगार, कुणीच सुटलं नाही. अल्बेनियन भाषेतलं शिक्षण सरकारी इमारतींमधून हद्दपार झालं, तेव्हा लोकांनी राहत्या घरांमध्ये वर्ग भरवायला सुरुवात केली. शाळाच नाही, विद्यापीठाचे वर्गसुद्धा.

१९९८-९९ मध्ये युद्ध झालं. मार्च ते जून १९९९ असे ७८ दिवस नाटोने बॉम्बहल्ले केले. आठ लाखांहून जास्त अल्बेनियन लोक देशाबाहेर ढकलले गेले. युद्धानंतर कारभार संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेकडे गेला आणि १७ फेब्रुवारी २००८ रोजी कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केलं. अमेरिका आणि बहुतांश युरोपीय देशांनी मान्यता दिली. सर्बिया, रशिया, चीन यांनी दिली नाही. भारतानेही आजवर कोसोवोला मान्यता दिलेली नाही.

हे 'मान्यता' प्रकरण लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

जन्म आणि जडणघडण

मिमोझा कुसारी यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९७५ चा, पश्चिम कोसोवोतल्या ज्याकोवा या शहरातला. ज्याकोवा हे जुनं व्यापारी शहर. इथली 'मोठी बाजारपेठ' ऑटोमन काळापासूनची, लाकडी दुकानांच्या रांगांची. सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली हादुम मशीद याच भागात आहे.

या शहराने १९९९ च्या युद्धात फार सोसलं. नाटोचे हल्ले सुरू होताच मार्चमध्ये सर्बियन दलांनी जुनी बाजारपेठ जाळली. २७ एप्रिल १९९९ रोजी शहराजवळच्या मेया गावाच्या परिसरात विस्थापितांच्या तांड्यांमधून पुरुष आणि मुलं बाजूला काढून ठार करण्यात आली. मृतांचा आकडा साडेतीनशेच्या वर जातो. कोसोवोच्या युद्धातलं हे सर्वात मोठ्या हत्याकांडांपैकी एक मानलं जातं. अनेकांचे मृतदेह नंतर सर्बियात, बेलग्रेडजवळच्या सामूहिक दफनभूमीत सापडले. काही अजूनही सापडलेले नाहीत. युद्धाला पाव शतक उलटून गेलं तरी संपूर्ण कोसोवोत सुमारे १,६०० लोक बेपत्ता यादीत आहेत.

म्हणजे कुसारी-लिला यांच्या मतदारांच्या घरात युद्ध हा इतिहासाच्या पुस्तकातला धडा नाही. शेजारच्या खोलीतला रिकामा पलंग आहे. या शहरात राजकारण करायचं तर हे ओझं घेऊनच करावं लागतं.

मिमोझा यांनी प्रिश्टिना विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विद्याशाखेतून व्यवस्थापनाची पदवी घेतली. नंतर अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातून एमबीए केलं. त्यांच्या पिढीतले अनेकजण असेच युद्धानंतर परदेशात शिकायला गेले. काही तिथेच राहिले. त्या परतल्या.

प्रवक्ता ते व्यापारी संघटना

परतल्यावरचं महत्त्वाचं काम म्हणजे पंतप्रधान बायराम रेजेपी यांच्या कार्यालयातली प्रवक्तेपदाची जबाबदारी. रेजेपी हे युद्धानंतरच्या कोसोवोचे पहिले पंतप्रधान, २००२ ते २००४ या काळातले. तेव्हा कोसोवो स्वतंत्र नव्हता. खरी चावी संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासकाकडे होती. सरकार होतं, पण त्याला पोलीस, सीमा, परराष्ट्र धोरण यांपैकी काहीच हातात नव्हतं. अशा सरकारच्या वतीने पत्रकारांना उत्तरं द्यायची, म्हणजे 'हे आमच्या अधिकारात नाही' हे वेगवेगळ्या शब्दांत सांगायचं काम.

त्यानंतर त्या कोसोवोतल्या अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्सच्या कार्यकारी संचालक झाल्या. ही उद्योजकांची संघटना. इथे रोजचे प्रश्न वेगळे होते. वीज का जाते? परवाना मिळायला इतके दिवस का लागतात? माल सीमेवर का अडकतो? न्यायालयात खटला वर्षानुवर्षं का चालतो? कोसोवोची अर्थव्यवस्था तेव्हाही, आणि बऱ्याच अंशी आजही, आयातीवर आणि जर्मनी, स्वित्झर्लंडमधल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशांवर चालते. देशात चलन युरो आहे, पण कोसोवो युरोपीय संघात नाही. म्हणजे नोटा छापायच्या नाहीत, चलनाचं मूल्य बदलायचं नाही. हातात राहतात ती साधनं तीनच: कर, नियम आणि व्यापार धोरण.

या संघटनेत काम करताना त्या उद्योजकांच्या वर्तुळात आणि माध्यमांत परिचित झाल्या. राजकारणाचं दार तिथूनच उघडलं.

पहिली लढत: २००९

बेहजेत पात्सोली हे कोसोवोतले सर्वात श्रीमंत उद्योजक. त्यांनी २००६ मध्ये 'नवी कोसोवो आघाडी' नावाचा पक्ष काढला. त्याला लघुरूपात एकेआर म्हणतात. पक्षाचा सूर साधा होता: राजकारण पुरे, आता अर्थकारण. बंदूक घेतलेल्या नेत्यांच्या गर्दीत व्यवसाय करणाऱ्यांचा पक्ष. कुसारी-लिला या पक्षात आल्या आणि २००९ मध्ये ज्याकोवाच्या महापौरपदासाठी उभ्या राहिल्या.

आपल्याकडे महानगरपालिकेचा महापौर नगरसेवक निवडतात. कोसोवोत महापौर थेट मतदार निवडतात आणि त्याच्याकडे खरे कार्यकारी अधिकार असतात. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते.

ज्याकोवा हा माजी लष्करी कमांडर रामुश हारादिनाय यांच्या पक्षाचा बालेकिल्ला. तिथे एका तरुण महिलेने दुसऱ्या फेरीपर्यंत मजल मारली, हीच बातमी होती. दुसऱ्या फेरीत महापौर पाल लेकाय यांच्याकडून त्या हरल्या. पण नाव झालं.

मंत्रिपद आणि शिक्क्याचं भांडण

डिसेंबर २०१० मध्ये संसदेची निवडणूक झाली. हाशिम थाची यांचा पक्ष पहिला आला, पण बहुमत नव्हतं. एकेआरच्या आघाडीकडे आठ जागा होत्या आणि त्याच निर्णायक ठरल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकार बनलं आणि कुसारी-लिला उपपंतप्रधान आणि व्यापार-उद्योग मंत्री झाल्या. वय ३५.

आता तो शिक्का. टप्प्याटप्प्याने पाहू.

१. कोसोवो हा 'सेफ्टा' या मध्य युरोपीय मुक्त व्यापार कराराचा भाग होता. सर्बियाही होता. करारानुसार दोघांचा माल एकमेकांकडे विनाशुल्क जायला हवा.

२. स्वातंत्र्याआधी कोसोवोच्या मालाच्या कागदांवर संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचा शिक्का असायचा. २००८ नंतर त्या जागी कोसोवोच्या सीमाशुल्क विभागाचा शिक्का आला.

३. सर्बियाने तो शिक्का मानायला नकार दिला. कारण शिक्का मानला म्हणजे कोसोवो नावाचा वेगळा सीमाशुल्क प्रदेश मानला. परिणाम असा की सर्बियाचा माल कोसोवोत येत राहिला, कोसोवोचा माल मात्र सर्बियात जाईना, आणि सर्बियातून पुढे युरोपलाही जाईना.

४. तीन वर्षं वाट पाहून जुलै २०११ मध्ये कोसोवो सरकारने 'जशास तसे' धोरण स्वीकारलं. सर्बियाच्या मालाला बंदी.

कागदावर हा व्यापारी निर्णय होता. पण एक अडचण होती. उत्तर कोसोवोत सर्ब लोकसंख्या जास्त आहे, आणि तिथल्या यारिन्ये आणि ब्र्न्याक या दोन सीमाचौक्यांवर प्रिश्टिनाचं प्रत्यक्ष नियंत्रणच नव्हतं. तिथून माल येतच राहिला असता तर बंदीला अर्थ उरला नसता. २५ जुलैच्या रात्री सरकारने विशेष पोलीस पथकं उत्तरेकडे पाठवली. गोळीबारात एक पोलीस मारला गेला. दोन दिवसांत यारिन्येची चौकी जाळण्यात आली. नाटोच्या फौजेने दोन्ही चौक्या ताब्यात घेतल्या. पुढचे कित्येक महिने उत्तरेतल्या रस्त्यांवर अडथळे उभे होते.

२ सप्टेंबर २०११ रोजी ब्रसेल्समध्ये युरोपीय संघाच्या मध्यस्थीने तोडगा निघाला. शिक्क्यावर 'कोसोवो सीमाशुल्क' एवढंच लिहायचं. 'प्रजासत्ताक' शब्द नाही, झेंडा नाही, राजचिन्ह नाही. कोसोवो म्हणालं, आमचा शिक्का मान्य झाला. सर्बिया म्हणालं, आम्ही देशाला मान्यता दिलेली नाही. दोघांनाही घरी जाऊन सांगायला काहीतरी मिळालं. बंदी उठली, व्यापार पुन्हा सुरू झाला.

या निर्णयाचं मूल्यमापन कसं करायचं? समर्थक म्हणतात, तीन वर्षं नुसत्या विनंत्यांनी जे झालं नाही ते सहा आठवड्यांत झालं. टीकाकार दोन्ही बाजूंनी आहेत. युरोपीय राजनैतिक वर्तुळाला पोलीस पाठवण्याचा प्रकार धोकादायक वाटला. उलट देशातल्या विरोधकांना 'प्रजासत्ताक' हा शब्द गाळणं म्हणजे माघार वाटली. त्यांत सगळ्यात पुढे होता आल्बिन कुर्ती यांचा वेतेवेन्दोस्ये हा पक्ष. नावाचा अर्थ 'स्वयंनिर्णय'. जानेवारी २०१२ मध्ये या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मेर्दारे सीमेवर सर्बियाचा माल रोखण्यासाठी आंदोलन केलं आणि पोलिसांशी चकमकी झाल्या.

हे नाव लक्षात राहू द्या. पुढे गोष्टीत पुन्हा येणार आहे.

मंत्री म्हणून बाकी काय केलं?

सीमेवरचा गोंधळ बातम्यांत राहिला, पण खात्याचं रोजचं काम वेगळं होतं: नवा धंदा सुरू करणं सोपं करायचं.

त्या काळात कोसोवोने कंपनी नोंदणीसाठी लागणारी किमान भांडवलाची अट काढून टाकली, नोंदणी शुल्क रद्द केलं आणि नोंदणीची कामं एका खिडकीत आणली. जागतिक बँकेच्या 'व्यवसायसुलभता' क्रमवारीत कोसोवो २०१३ च्या अहवालातल्या ९८ व्या स्थानावरून २०१४ च्या अहवालात ८६ व्या स्थानावर गेला. त्या वर्षी सर्वाधिक सुधारणा करणाऱ्या देशांच्या यादीतही तो होता.

इथे एक सावधगिरी हवी. ही क्रमवारी नियम कागदावर किती सोपे आहेत ते मोजायची, प्रत्यक्षात किती कारखाने उभे राहिले ते नाही. पुढे आकडेवारीतल्या गडबडींमुळे जागतिक बँकेने २०२१ मध्ये ती बंदच केली. आणि कोसोवोतलं वास्तव काय होतं? २०१२ मध्ये बेरोजगारी सुमारे ३१ टक्के, तरुणांमध्ये तर निम्म्याहून जास्त. कंपनी एका खिडकीत नोंदवता येऊ लागली, पण वीज, न्यायालयं, भ्रष्टाचार आणि सीमेपलीकडची बाजारपेठ हे प्रश्न एका खात्याच्या आवाक्यातले नव्हतेच.

कोसोवोत निवडून आलेल्या पहिल्या महिला महापौर

२०१३ मध्ये त्यांनी पुन्हा ज्याकोवाकडे मोर्चा वळवला. उपपंतप्रधानपदावरची व्यक्ती राजधानी सोडून एका शहराच्या महापौरपदासाठी लढते, हे वरवर पाहता खाली उतरणं वाटेल. पण कोसोवोत महापौराकडे थेट जनादेश असतो, स्वतःचं अंदाजपत्रक असतं, आणि काम लोकांना डोळ्यांनी दिसतं. मंत्री आघाडीच्या मर्जीवर असतो, महापौर नाही.

समोर पुन्हा पाल लेकाय. पुन्हा दुसरी फेरी. १ डिसेंबर २०१३ रोजी झालेल्या या फेरीत या वेळी निकाल उलटा लागला. कुसारी-लिला जिंकल्या. संपूर्ण कोसोवोत ३८ नगरपालिका आहेत. त्यांपैकी एखादीच्या महापौरपदी निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

हे किती मोठं होतं, ते समजायला एक विरोधाभास पाहा. कोसोवोत तोपर्यंत महिला राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्या होत्या, नव्हे, पदावरच होत्या. एप्रिल २०११ मध्ये आतिफेते याहयागा राष्ट्राध्यक्ष झाल्या. सर्बियाशी वाटाघाटी करणाऱ्या पथकाचं नेतृत्वही एदिता ताहिरी या महिलेकडे होतं. पण राष्ट्राध्यक्षाची निवड संसद करते, मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधान करतो. थेट मतदारांसमोर जाऊन, एकास एक लढतीत, पुरुष उमेदवाराला हरवून कार्यकारी पद मिळवणं ही वेगळी गोष्ट. संसदेत किमान ३० टक्के महिलांचा नियम आहे, महापौरपदाला असं कोणतंही आरक्षण नाही.

महापौरपदाच्या काळातच जानेवारी २०१५ चं प्रकरण घडलं. ऑर्थोडॉक्स नाताळाच्या वेळी काही सर्ब यात्रेकरू ज्याकोवातल्या चर्चला भेट द्यायला आले. बेपत्ता लोकांच्या आयांच्या 'आईची हाक' या संघटनेने विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की या गटात युद्धातल्या अत्याचारांशी संबंधित लोक असू शकतात. त्यावर केंद्र सरकारमधले सर्ब मंत्री आलेक्सांदर याब्लानोविच यांनी आंदोलकांना 'रानटी' म्हटलं. मुलांचे मृतदेह शोधणाऱ्या आयांना असं म्हटल्यावर देश पेटला. २४ आणि २७ जानेवारीला प्रिश्टिनात प्रचंड मोर्चे निघाले आणि शेवटी याब्लानोविच यांना मंत्रिपद सोडावं लागलं.

ज्याकोवासारख्या शहराचा महापौर होणं म्हणजे रस्ते, पाणी आणि कचरा एवढंच नसतं, हे या घटनेवरून कळतं. एकीकडे सगळ्या नागरिकांना, अल्पसंख्याकांनाही, मुक्तपणे वावरता यावं ही युरोपची आणि कायद्याची अपेक्षा. दुसरीकडे सोळा वर्षं मुलाची वाट पाहणारी आई. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात याचं सूत्र नाही.

स्वतःचा पक्ष, मग पराभव

२०१७ च्या सुरुवातीला कुसारी-लिला यांनी 'आल्तेर्नातिवा' म्हणजे 'पर्याय' हा नवा पक्ष काढला. सोबत होते इलिर देदा, जे वेतेवेन्दोस्येतून बाहेर पडले होते. मध्यममार्गी, युरोपवादी, भ्रष्टाचारविरोधी अशी पक्षाची मांडणी होती. शिकलेल्या शहरी मतदाराला जुन्या लढवय्या नेत्यांऐवजी कुणीतरी हवंय, असा हिशेब.

पण छोट्या पक्षाचं गणित कठीण असतं. कोसोवोत संसदेत शिरायला ५ टक्के मतांची अट आहे. त्यामुळे जून २०१७ च्या निवडणुकीत आल्तेर्नातिवाने एलडीके या जुन्या पक्षाशी आणि एकेआरशी आघाडी केली. निवडणुकीनंतर पात्सोली यांच्या एकेआरने बाजू बदलली आणि प्रतिस्पर्धी आघाडीचे हारादिनाय पंतप्रधान झाले. आल्तेर्नातिवा विरोधी बाकांवर.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्याकोवातही धक्का बसला. महापौरपदाच्या दुसऱ्या फेरीत हारादिनाय यांच्या पक्षाचे आर्दियान जिनी यांनी त्यांना हरवलं. एका कार्यकाळानंतर बालेकिल्ला मूळ मालकांकडे परत गेला.

२०१९ च्या निवडणुकीत आल्तेर्नातिवा पुन्हा एलडीकेसोबत होती.

वेतेवेन्दोस्येच्या बाकांवर

१४ फेब्रुवारी २०२१ ची निवडणूक कोसोवोच्या इतिहासात वेगळी ठरली. आल्बिन कुर्ती यांच्या वेतेवेन्दोस्येने ५० टक्क्यांहून जास्त मतं आणि १२० पैकी ५८ जागा मिळवल्या. व्योसा ओस्मानी या निवडणुकीत कुर्तींसोबत होत्या आणि एप्रिलमध्ये त्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. कुसारी-लिला याच यादीतून संसदेत आल्या आणि नंतर पक्षाच्या संसदीय गटनेत्या झाल्या.

हो, तोच पक्ष. ज्याने त्या मंत्री असताना शिक्क्याच्या तडजोडीला माघार म्हटलं होतं, ज्याने मेर्दारेला सीमा रोखली होती.

गटनेत्याचं काम म्हणजे काय? सरकारची विधेयकं पास करून घ्यायची, आपल्या खासदारांना एकत्र ठेवायचं, विरोधकांच्या हल्ल्याला सभागृहात उत्तर द्यायचं. ५८ जागा म्हणजे बहुमताला ६१ मध्ये तीन कमी. अल्पसंख्याक समाजांच्या खासदारांची साथ घेऊन प्रत्येक मतदानाला आकडा जुळवायचा. खुर्च्या रिकाम्या राहिल्या की गणसंख्या नाही, आणि गणसंख्या नाही म्हणजे विधेयक पुढच्या आठवड्यात. ही मेहनत बातम्यांत फारशी दिसत नाही, पण सरकार त्यावर चालतं.

टीका काय होते?

सर्वात ठळक टीका पक्षबदलाची. एकेआर, मग स्वतःचा पक्ष, मग एलडीकेसोबत आघाडी, मग वेतेवेन्दोस्ये. विरोधक याला संधिसाधूपणा म्हणतात. दुसरी बाजू अशी मांडता येते की कोसोवोत पक्ष विचारांपेक्षा नेत्यांभोवती उभे असतात, आणि ज्याच्यामागे युद्धकाळातली संघटना किंवा जुना पक्ष नाही त्याला टिकायचं तर कुणाच्या तरी छत्रीखाली जावंच लागतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. त्या ज्या आर्थिक मोकळेपणाच्या भाषेतून राजकारणात आल्या, ती डाव्या, राष्ट्रवादी वळणाच्या वेतेवेन्दोस्येत कितपत टिकली?

कारण शिक्क्याचं भांडण संपलेलंच नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये हारादिनाय सरकारने सर्बिया आणि बोस्नियाच्या मालावर १०० टक्के आयातशुल्क लावलं. ते २०२० मध्ये उठलं. २०२१ मध्ये गाड्यांच्या नंबरप्लेटवरून 'जशास तसे' झालं. जून २०२३ मध्ये सर्बियाने कोसोवोच्या तीन पोलिसांना पकडल्यावर कुर्ती सरकारने सर्बियाच्या मालावर पुन्हा बंदी घातली. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये काही अंशी शिथिल झाली. म्हणजे २०११ ला जे हत्यार कुसारी-लिला मंत्री असलेल्या सरकारने पहिल्यांदा उपसलं, तेच पुढच्या सरकारांनी पुन्हा पुन्हा वापरलं.

अर्थशास्त्र सांगतं की अशा बंदीची किंमत आपलाच ग्राहक मोजतो. दुकानात माल महाग होतो, आणि तस्करीला वाव मिळतो. राजकारण सांगतं की समोरचा आपल्याला देश मानत नसेल तर व्यापार हीच एक नस हातात असते. कोसोवोसारख्या देशात, ज्याच्याकडे संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व नाही आणि स्वतःचं चलनही नाही, हा पेच पुस्तकी नाही.

बाकीच्या बायकांचं काय?

कोसोवोच्या राजकारणात दोन महिला राष्ट्राध्यक्ष, महिला उपपंतप्रधान आणि मंत्री दिसतात. चित्र छान वाटतं. पण कमावण्याच्या वयातल्या पाच बायकांपैकी जेमतेम एखादी कामाच्या बाजारात आहे. युरोपातल्या सर्वात कमी प्रमाणांपैकी हे एक. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याची जबाबदारी, पाळणाघरांची टंचाई, आणि जमीन-घर बहुतेक पुरुषांच्या नावावर असल्याने कर्जाला तारण नाही, ही कारणं अभ्यासक देतात.

म्हणजे वरच्या मजल्यावर दिवे लागलेत, तळमजला अजून अंधारात आहे. कंपनी एका खिडकीत नोंदवता येते, पण बँकेत तारण ठेवायला घर स्वतःच्या नावावर नसेल तर ती खिडकी बाईच्या काय कामाची? अर्थखात्याची भाषा जाणणाऱ्या महिला नेत्यांचं खरं मोजमाप इथे होणार आहे.

भारताला याचं काय?

भारताने कोसोवोला मान्यता न देण्यामागे जुनं धोरण आहे. एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर करून देश फुटणं भारताला मान्य नाही, शिवाय सर्बियाशी युगोस्लाव्हिया आणि अलिप्ततावादी चळवळीपासूनचे संबंध आहेत. त्यामुळे कोसोवोच्या नेत्यांशी अधिकृत पातळीवर आपला फारसा संपर्क येत नाही, आणि तिथल्या बातम्याही मराठीत क्वचितच येतात.

तरीही ही गोष्ट ओळखीची वाटते. सीमेवरचा तणाव, त्यावरून व्यापार बंद, मग दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांचं नुकसान, हे चक्र आपल्या उपखंडानेही पाहिलंय.

थोडक्यात कारकीर्द

• १९७५: ज्याकोवा इथे जन्म
• शिक्षण: प्रिश्टिना विद्यापीठ, नंतर अमेरिकेत ड्युकेन विद्यापीठातून एमबीए
• पंतप्रधान बायराम रेजेपी यांच्या प्रवक्त्या, मग अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्सच्या कार्यकारी संचालक
• २००९: ज्याकोवाच्या महापौरपदाची निवडणूक, दुसऱ्या फेरीत पराभव
• २०११ ते २०१३: उपपंतप्रधान आणि व्यापार-उद्योग मंत्री
• २०१३ ते २०१७: ज्याकोवाच्या महापौर, कोसोवोत या पदावर निवडून आलेल्या पहिल्या महिला
• २०१७: आल्तेर्नातिवा पक्षाची स्थापना, त्याच वर्षी महापौरपदाचा पराभव
• २०२१: वेतेवेन्दोस्येच्या यादीतून संसदेत, नंतर गटनेत्या

पुढच्या वेळी सर्बिया-कोसोवो सीमेवर ट्रक अडल्याची बातमी तुमच्या मोबाईलवर आली, तर ट्रकमध्ये काय आहे ते शोधू नका. कागदावर कुणाचा शिक्का आहे, ते पाहा. भांडण बहुतेक वेळा तिथेच असतं.